खोडांची जागा

गेणूबाबा गेले तो दिवस सोमवार होता. सकाळी सात वाजता त्यांनी होडी सोडली. साडेआठला होडी आमच्या शाळेखालच्या काठाला लागली. वल्ही आत घेतलेली होती. गेणूबाबा फळीवर बसलेले होते, मान खाली होती. त्यांच्या पायाशी एक खोड होतं आणि खोडाला दोन दगड बांधलेले होते. आमच्या मासेमारी सोसायटीच्या नामदेवने त्यांना उचलून काठावर आणलं. खोड होडीतच राहिलं.

मी कळंबचा. मंचरला शिकलो, वाचनाच्या नादाला लागलो, आणि नोकरी मिळाली ती आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या फुगवट्याच्या काठी असलेल्या एका आश्रमशाळेत. ती नव्वदच्या दशकातली वर्षं होती. पाणी चढून फार काळ लोटला नव्हता. शाळेच्या ओट्यावर बसलं की समोर पाणी, पलीकडे डोंगर, त्यामागे आहुप्याकडचे कडे. मला ते सगळं मिळून एक मोठं तळं वाटायचं. मी संध्याकाळी पुस्तक घेऊन तिथं बसायचो आणि स्वतःला भाग्यवान समजायचो.

पहिल्या महिन्यातच गेणूबाबा ओट्यापाशी येऊन उभे राहिले. उंच, वाळकी अंगकाठी, डोक्याला विटलेली टोपी, कानाच्या पाळीमागे अर्धी बिडी. माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बघून म्हणाले, "मास्तर, रोज काय बघता वो हितं बसून?"

"पाणी बघतो, बाबा. छान दिसतं."

ते माझ्याशेजारी बसले आणि हात लांब करून दाखवू लागले. "ते पानकोंबडं पवतंय न्हवं, त्याच्या खाली किसनाचं खाचर हाय. त्याला लागून हिराबाईची हीर हाय. तितनं फुडं पांद हाय, पांद जाती नदीला. डाव्या अंगाला येक आंबा हाय, खोबऱ्या. पर त्याला आता कोन चढतंय!"

सगळं 'हाय'. पुढच्या बारा-तेरा वर्षांत मी त्यांच्या तोंडून पाण्याखालच्या कुठल्याच गोष्टीबद्दल 'व्हतं' हा शब्द ऐकला नाही. खाचर आहे, विहीर आहे, वाट आहे. वर पाणी आलंय, एवढंच.

त्यांची उंबरवाडी धरणात गेली तेव्हा बाकीची घरं पुनर्वसनात खाली पूर्वेला, कालव्याच्या गावांकडे गेली. गेणूबाबा आणि भागाबाई गेले नाहीत. पाणी जिथपर्यंत चढलं त्याच्या वर, कारवीच्या कुडाचं खोपट बांधून राहिले. कुणी विचारलं तर ते म्हणत, "मला उसातलं काम जमत न्हाई." भागाबाई काहीच म्हणत नसत. दोघांना मूलबाळ नव्हतं, असं मला सांगण्यात आलं होतं.

भात पिकवणारा माणूस चाळिशी उलटल्यावर मासे धरायला शिकला. आधी ट्रकच्या ट्यूबवर बसून, मग पत्र्याच्या होडीतून. आजूबाजूच्या वाड्यांतली तरुण पोरंही तेच शिकत होती. त्या सगळ्यांची मिळून एक छोटी सोसायटी झाली. हिशेबाच्या वह्या नीट लिहिणारा माणूस हवा म्हणून मला त्यात ओढलं गेलं. म्हणून मी हे सगळं जवळून पाहू शकलो.

पोरांना पोहता येत होतं, वल्हवता येत होतं. तळ माहीत नव्हता. ती दुसऱ्या वाड्यांची, डोंगरावरची. आणि आमच्या धंद्यात सगळा खेळ तळाचा. तंगुसाचं, म्हणजे बारीक नायलॉनच्या दोऱ्याचं, जाळं खोल सोडलं की ते झाडाच्या बुंध्यात, उभ्या राहिलेल्या भिंतीत, कुंपणाच्या तारेत अडकायचं. एक जाळं फाटलं की त्या घराचा महिना गेला. म्हणून जाळं टाकण्याआधी सगळे गेणूबाबांना विचारत.

गेणूबाबांची पद्धत अशी. होडी पाण्यात नेऊन ते उभे राहत. आधी डोंगरातली एक खिंड बघत, ती जवळच्या काठावरच्या सावरीच्या झाडामागे येईपर्यंत होडी सरकवत. मग बाजूला वळून एखादा सुळका आणि शाळेचं कौल असं दुसरं काही जुळवत. दोन्ही जुळण्या साधल्या की "हां" म्हणत. मग दोर सोडत. दोराच्या टोकाला बैलगाडीच्या आखाचा तुकडा बांधलेला आणि दर वावाला एक गाठ मारलेली. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं अंतर. आखाच्या बुडाला मधाच्या पोळ्याचं मेण थापलेलं असायचं. वजन तळाला टेकून वर आलं की मेणाला माती चिकटलेली असे. ती ते बोटांनी चुरडत, वास घेत, कधी जिभेला लावत, आणि सांगत, "टाक. किसनाचं खाचर हाय. साफ हाय."

मला हे खरं वाटेना. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला परीक्षा घ्यायची खोड असते. एकदा मी त्यांच्याबरोबर होडीतून फिरलो आणि मेणाची माती सहा ठिकाणी कागदाच्या पुड्यांत भरून घेतली. पुड्यांच्या आतल्या बाजूला खुणा केल्या. आठ दिवसांनी पुड्या वाळल्यावर त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांत सातवी एक पुडी मुद्दाम घातली.

त्यांनी बिडी विझवली आणि एकेक पुडी उघडली. "ही किसनाची. ही नदीच्या वळनाची, वाळू हाय बगा. ही पांदीतली, शेणाची माती. ही हिराबाईच्या हिरीच्या थारोळ्याची, मोटंचं पानी पडतं तितली." सहाच्या सहा बरोबर. सातवी उघडली, हुंगली, माझ्याकडे वर बघितलं.

"मास्तर, ही धरनातली न्हाईच. ही तुमच्या शाळेच्या नळाजवळची. हिला साबनाचा वास येतोय."

ओट्यावरची सगळी माणसं इतकी हसली की मी पुढं आठवडाभर नळाजवळून जाताना खाली मान घालत होतो.

हिराबाईच्या विहिरीची गोष्ट तर सोसायटीत अजून सांगतात. नामदेव तेव्हा विशीतला होता. पुढे तो आमचा चेअरमन झाला. आवाज मोठा, डोकं तापट, हात कामाला वाघ. गेणूबाबांना न विचारता त्याने जाळं टाकलं आणि ते अडकलं. तासभर ओढलं, निघेना. शेवटी काठाकडे बघून ओरडला, "बाबा, जाळं गेलं राव! कशात गुतलंय कळंना!"

गेणूबाबा काठावर जाळं शिवत बसले होते. त्यांनी मान वर केली, नामदेव कुठं आहे ते पाहिलं आणि ओरडून विचारलं, "वजन खाली पडताना हिसका बसला, का गुमान गेलं?"

"गुमान गेलं! जातच ऱ्हायलं!"

"मंग हिरीत घातलंस, गाढवा! हिराबाईच्या हिरीत मासं धरतोयस!" मग जरा थांबून म्हणाले, "उगवतीकडं जा अन् तितनं वढ. मोट तिकडनं हाय. त्या बाजूचा काठ उतरता हाय."

नामदेव होडी उगवतीकडे घेऊन गेला, तिथून ओढलं, आणि जाळं अख्खं वर आलं. पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी मोट ओढायला उतार बांधला होता. पाण्याखाली दहा वावांवर तो उतार त्या माणसाच्या डोक्यात जसाच्या तसा होता. मी त्या दिवशी घरी जाऊन पुस्तक उघडलं, पण वाचलं नाही.

एकाच ठिकाणी गेणूबाबा कुणाला जाळं टाकू देत नसत. जुन्या नदीच्या काठाला, खोलात, एक तुकडा होता. एप्रिल-मेमध्ये धरण उतरलं की वरची खाचरं उघडी पडायची, विहिरी दिसायच्या. तो तुकडा कधी उघडा पडला नाही. तेव्हा सगळे मासेही त्या खोल पाण्यात गोळा व्हायचे. पोरांचे डोळे तिकडे लागायचे. गेणूबाबा सांगायचे, "तितं खोडं हाईत. बाभळीची. जाळ्याची चिंधी व्हईल." त्या जागेचं नावच पडलं, खोडांची जागा. तिथून जायची वेळ आली की ते वल्हं हळू मारत आणि बिडी विझवत. मला वाटायचं, खोडांना भितात.

उन्हाळ्यात ते रोज काठावर एक दगड ठेवायचे, पाणी किती उतरलं ते बघायला. दुष्काळाच्या वर्षी तर दिवसातून तीनदा जायचे. मला वाटायचं, पावसाची काळजी.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. पुण्याच्या एका संस्थेने सोसायटीला काही आधुनिक साधन द्यायचं ठरवलं. नामदेवने कुठंतरी ऐकलं होतं की परदेशात मासे शोधायचं यंत्र मिळतं. पाण्यात आवाज सोडायचा, तो तळावर आपटून परत येतो, आणि पडद्यावर तळ उमटतो. वर आभाळातले उपग्रह होडी कुठं आहे ते सांगतात. त्याने मला शहरातून माहितीपत्रकं मागवायला लावली. इंग्रजी होती, रात्री शब्दकोश घेऊन बसून मी ती समजून घेतली आणि सोसायटीच्या बैठकीत वाचून दाखवली. दोन यंत्रं आमच्या आवाक्यात होती. एक मोठं, रंगीत पडद्याचं, त्यात हजारो तलावांचे नकाशे आधीच भरलेले. दुसरं लहान, करड्या पडद्याचं. त्यात नकाशा नव्हता, फक्त तळ दिसायचा आणि आपण हव्या त्या जागी खूण ठेवू शकायचो.

"नकाशावालंच घ्यायचं," नामदेव म्हणाला. "हजारो तळी हाईत त्यात! आपलं नसंल का?"

गेणूबाबा कोपऱ्यात बसले होते. "आधी इचार तर, आपलं हाय का ते."

मुंबईहून यंत्रवाले साहेब आले. पांढरा शर्ट, गळ्यात पट्टा, बोलण्यात निम्मं हिंदी. दोन्ही यंत्रं पेटीत घेऊन आले होते. मोटरसायकलच्या बॅटरीवर ती चालवायची होती. होडीच्या कडेला बांबू बांधून त्याच्या टोकाला यंत्राचा डोळा पाण्यात बुडवला. होडीत साहेब, नामदेव, गेणूबाबा आणि मी. आधी मोठं यंत्र लावलं. आम्ही वल्हवत मध्यावर गेलो.

साहेबांनी बटणं दाबली. पडदा उजळला. होडीची खूण आली. चारी बाजूंना पिवळट रंग. पाणी कुठंच नाही.

"हे काय वो?" नामदेव म्हणाला.

साहेब खाकरले. "देखो, ये अमेरिका के लेक्स हैं ज्यादा. इंडियाचा बेसिक नकाशा आहे. नया डॅम अभी नहीं आया त्यात."

"म्हंजी मशीन म्हनतंय आपन जमिनीवर हाय?"

गेणूबाबा पुढे झुकले आणि पडद्यावर सावली धरून बघू लागले. मग हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना क्वचितच पाहिलं. "खरं सांगतंय की! जमिनीवरच हाय आपन. किसनाच्या बांधावर. हे मशीन लबाड न्हाई, साहेब."

पडद्याच्या एका कडेला एक ठिपका होता आणि त्यापुढे इंग्रजीत आंबेगाव लिहिलं होतं. मी त्यांना वाचून दाखवलं. तालुका आंबेगावचा आणि आंबेगाव गाव पाण्याखाली. नकाशा करणाऱ्याने कुठल्यातरी जुन्या कागदावरून नाव उचललं असणार. गेणूबाबांनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"चुकलंय," ते म्हणाले. "आंबेगाव हितं न्हाई. त्या डोंगराच्या सोंडेला वळसा घातला की फुडं हाय. यवढं आभाळातनं बघत्यात, पर कुनाला इचारलं न्हाई त्यांनी."

मग लहान यंत्र लावलं. साहेबांनी सांगितलं, यात नकाशा नाही, पण खोली बरोबर येते. फुटांत येते. गेणूबाबा म्हणाले, "मी आधी सांगतो, मंग ते सांगू द्या."

त्यांनी खिंड आणि सावर जुळवली. "सात वाव."

मी वाव म्हणजे साधारण सहा फूट धरून गुणाकार केला. यंत्र बेचाळीस दाखवत होतं. आम्ही पुढं गेलो. "पाच वाव आन् हात." तेही जुळलं. तिसऱ्या ठिकाणीही जुळलं. साहेबांनी कपाळाचा घाम पुसला आणि मला हळूच विचारलं, "सरजी, यांना मशीन कशाला पाहिजे?"

चौथ्या ठिकाणी आम्ही जुन्या नदीच्या काठाकडे आलो होतो. गेणूबाबा म्हणाले, "अकरा वाव." यंत्राने दाखवलं ते अकरा वावांपेक्षा दीड-दोन फूट कमी होतं.

"चुकलं मशीन," नामदेव म्हणाला.

गेणूबाबांनी दोर सोडला. आख तळाला टेकला. दोराची अकरावी गाठ पाण्याच्या वर राहिली, एक हात. अकरा वाव नव्हतेच. त्यांनी वजन वर ओढलं, मेणावरची माती चुरडली, हुंगली. पुन्हा हुंगली. जिभेला लावली. मग पाण्यात हात धुतला.

"गाळ हाय," ते म्हणाले. "कुठलीच माती न्हाई. नुसता गाळ. इतक्या वरसात येक हात बसला." त्यांनी दोर गुंडाळून ठेवला.

संध्याकाळी बैठकीत नामदेवने पुन्हा मोठ्या यंत्राचा विषय काढला. पुढं-मागं आपल्या धरणाचाही नकाशा येईल, रंगीत आहे, वगैरे. गेणूबाबा उभे राहिले. ते बैठकीत कधी उभे राहत नसत.

"नाम्या, त्या थोरल्याचं तोंड उनात दिसत न्हाई, काळं फासल्यागत हुतंय. आन् आपल्याला काम उनातच हाय. नकाशा म्हनशील तर तो त्यांनी अमेरिकेत बसून केलाय. धाकलं घ्या. त्याला काय ठावं न्हाई, म्हनून ते आपलं ऐकंल. मी दाखवतो, मास्तर खुना ठेवतील. माती झाकत चाललीय. मी हाय तवर करून घ्या."

लहान यंत्र घेतलं.

त्या हिवाळ्यात दर रविवारी आम्ही दोघं होडीतून फिरलो. गेणूबाबा जुळणी साधायचे, मी बटण दाबायचो. यंत्रात खुणेला लहान नाव देता यायचं, इंग्रजी अक्षरांत. किसना. हीर. पांद. खोबऱ्या आंबा. चावडी. हाताने शिवल्यासारखं ते एकेक घर, एकेक बांध सांगत गेले आणि ते यंत्र खरोखर भरत गेलं. त्यांच्या डोक्यातलं गाव डोळ्यांदेखत बाहेर येत होतं आणि मी फक्त लिहून घेणारा होतो. एवढा मान मला पुढे कधी मिळाला नाही.

एका रविवारी आम्ही खोडांच्या जागेवरून गेलो. त्यांनी सवयीने बिडी विझवली. मी पडद्याकडे बघत होतो. तळाची रेघ सरळ होती. एकही उंचवटा नाही. वर मासे दाखवणाऱ्या कमानीच कमानी. मी होडी जरा मागं घ्यायला सांगितली. पुन्हा बघितलं. सपाट.

"बाबा, इथं खोडं नाहीत."

ते वल्हं पाण्यात ठेवून बसले. मी उगाच बोललो असं मला वाटलं, पण आता शब्द परत घेता येत नव्हता. बाकीचे दिवस यंत्र नामदेवच्या हाती असायचं. तोही हेच बघणार होता.

"न्हाईत," ते म्हणाले. "वाडीतली ल्हान मुलं हितं ठेवायचे. दात न आलेली. त्यांना जाळत न्हाईत, पुरत्यात. आमची दोन हाईत. येक सव्वा महिन्याचं, येक चार महिन्यांचं. किसनाचं येक हाय. हिराबाईचं हाय. देव हलवले सगळ्यांनी, वाजत गाजत नेले. ह्यांना कोन हलवनार?"

मी पडद्यावरून नजर काढून पाण्याकडे बघितलं.

"म्हनून मी गेलो न्हाई खाली. वाडीचं कुनी तरी हितं पायजे ना. पोरं चांगली हाईत आपली, पर ती डोंगरावरची, त्यांना काय ठावं. जाळ्याचं वजन तळाला घासत जातं, मास्तर. ते मला बघवलं नसतं."

"मग खरं का नाही सांगितलं त्यांना?"

"सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. त्यांच्या पोरांनी ऐकलं नसतं. खोडाला समदी भितात."

मी यंत्रात खूण ठेवली आणि नाव दिलं, खोड. घरी आल्यावर मला जाणवलं की मी शिक्षक आहे आणि मी त्या दिवशी लबाडी लिहून ठेवली आहे. आणि ती पुरणार नव्हती. यंत्र खोटं बोलत नव्हतं. जो कोणी तिथून जाईल त्याला सपाट तळ दिसणार होता.

पुढच्या रविवारी मी खोपटाकडे गेलो तेव्हा दारात बाभळीचं एक खोड पडलं होतं, मुळांसकट. गेणूबाबा त्याला काथ्याने दगड बांधत होते. भागाबाई दुसरं टोक धरून बसल्या होत्या.

"हे काय, बाबा?"

"मशीनशी लबाडी चालत न्हाई, त्या दिशी बघितलंच की. मंग खरं करायचं." गाठ ओढून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मधी टाकायचं न्हाई. कडंकडंनं. कुंपनागत."

तेव्हा त्यांचं वय साठीच्या पुढे गेलेलं. पाडलेल्या झाडांची, वाहून आलेली, बांधाच्या कामातून निघालेली खोडं ते शोधून आणायचे. कधी दोन महिन्यांत एक, कधी तीन महिन्यांत एक. होडीत घालून एकटेच न्यायचे. मी दोनदा मदत करायला गेलो, दोन्ही वेळा त्यांनी मला होडीत बसवलं, पण खोडाला हात लावू दिला नाही. खोड ते ढकलत नसत. पाण्यावर ठेवत, दोर धरून हळूहळू खाली सोडत, आणि ते टेकलं की दोर कापत. पाळण्यातलं मूल जागं होऊ नये म्हणून आपण जसा हात काढून घेतो, तसा ते हात काढून घ्यायचे. हे काम त्यांनी चार वर्षं केलं. मी पुष्कळ ग्रंथ वाचले आहेत, पण माणूस आपला शब्द असा खरा करतो, हे मी त्यांत फारसं वाचलेलं नाही.

एकदा मी भागाबाईंना विचारलं, बाबांच्याने हे झेपतं का? त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "त्यांना झेपत न्हाई, मास्तर. त्यांच्याबिगर दुसऱ्या कुनाला झेपंल का, ते बी ठावं न्हाई."

मला दिसलेले शेवटचे गेणूबाबा आदल्या दिवशीचे, रविवारचे. दुपारी ते काठावर उकिडवे बसून खोडाला दगड बांधत होते. मी ओट्यावरून हाक मारली, "बाबा, उद्या मी येतो बरोबर!" त्यांनी मागं न बघता हात वर करून हलवला. या, असा त्याचा अर्थ असेल किंवा नको, असा. सोमवारी सकाळी सातला माझी प्रार्थना होती. मी शाळेत गेलो.

दहाव्याला सगळी सोसायटी काठावर आली. पूर्वेकडून किसनाही आला, काठी टेकत. विधी झाल्यावर भागाबाई नामदेवला म्हणाल्या, "नामदेवा, रक्षा खोडांच्या जागेवर न्ह्यायची हाय."

"चला," नामदेव म्हणाला. त्याने कारण विचारलं नाही.

होडीत भागाबाई, किसना, नामदेव आणि मी. गेणूबाबांचं ते शेवटचं खोड दहा दिवस होडीतच होतं, कुणी उतरवलं नव्हतं. मला वाटलं, नामदेवला आता काहीतरी सांगावं लागेल. खोडांच्या जागेजवळ आल्यावर त्याने वल्हं थांबवलं, यंत्र चालू केलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. तळावर कडेकडेनं उंचवटे उमटले होते, एकापुढे एक. मध्ये सपाट.

"मास्तर," तो म्हणाला, त्याच्या नेहमीच्या आवाजाच्या निम्म्या आवाजात, "मशीन घेतलं त्या साली हितं येक बी खोड न्हवतं. मी पयल्याच महिन्यात बघितलं व्हतं, तुमी मला शिकवल्यावर. फुडच्या वर्षी पाच झाली. मंग नऊ. पान्यात खोडं कुजत्यात, मास्तर. वाढत न्हाईत."

"मग तू कधी बोलला नाहीस?"

"बाबांनी सांगितलं खोडं हाईत. मंग हाईत." त्याने नाक पुसलं. "काय हाय हितं, ते मला अजून बी ठावं न्हाई."

किसनाने त्याला सांगितलं. दोन वाक्यांत सांगितलं. नामदेव ऐकून घेत होता आणि त्याचे हात खोडाच्या गाठी पुन्हा घट्ट करत होते. भागाबाईंनी रक्षा सोडली. मग नामदेवने खोड पाण्यावर ठेवलं, दोर धरला आणि हळूहळू सोडू लागला. तापट माणूस, पण एक हिसका बसू दिला नाही. खोड टेकलं. त्याने दोर कापला.

भागाबाई पुढच्या वर्षी गेल्या. त्यांचीही रक्षा तिथंच सोडली. यंत्र काही वर्षांनी बंद पडलं, दुरुस्त करणारा मिळाला नाही. ते सोसायटीच्या कपाटात आहे. त्यातल्या खुणा मी वहीत उतरवून घेतल्या आहेत आणि प्रत्येक खुणेपुढे डोंगराची कुठली खिंड कुठल्या झाडामागे आणायची ते लिहिलं आहे. सावर मध्यंतरी पडली. तिच्या जागी नामदेवने दुसरी लावली आहे.

खोडांच्या जागेवर आजही कुणी जाळं टाकत नाही. तिथून जाताना पोरं बिडी विझवतात.